आमिश लोकांची नावं हिब्रू का असतात? ते ज्यू आहेत का?

घोडागाडी, लांब दाढी, गाडी-टीव्हीशिवायचं आयुष्य. आमिश लोकांचे असे रील्स तुम्ही पाहिले असतील. त्यातली नावं ऐकली की अनेकांना प्रश्न पडतो. सॅम्युअल, लेव्ही, एमॉस, रेचल, लिया, ही तर ज्यू नावं. मग हे लोक ज्यू आहेत का?

नाही. आमिश हे ख्रिश्चन आहेत. १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड-अल्सास भागात याकोब आमान या धर्मगुरूच्या मागे गेलेला गट म्हणजे आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आले. घरात ते जर्मनची एक बोली बोलतात, हिब्रू नाही. नावं आली ती बायबलच्या जुन्या करारातून, तीही मार्टिन ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातून. म्हणूनच त्यांच्यात 'मोझेस'चा 'मोझ' होतो.

हिब्रूत रेचल म्हणजे मेंढी, हॅना म्हणजे कृपा, डॅनियल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश'. पण 'अर्थासह आमिश नावं' अशा याद्या फिरतात, त्या थोड्या फसव्या आहेत. आमिश घरात सहसा अर्थ बघून नाव ठेवत नाहीत, ते आजी-आजोबा, काका-आत्यांकडून येतं. वेगळं, उठून दिसणारं नाव शोधणं नम्रतेत बसत नाही. शिवाय सगळीच नावं हिब्रू नसतात. लिडिया ग्रीक आहे, तर मेनो हे नाव मेनो सिमन्स या डच धर्मगुरूवरून आलं.

खरी अडचण पुढे आहे. आडनावंही मोजकीच. लँकेस्टर परगण्यात स्टोल्ट्झफस, किंग, फिशर, बायलर हीच पुन्हा पुन्हा येतात. मग एकाच भागातले अनेक सॅम्युअल किंग ओळखायचे कसे? तिथे मधलं अक्षर बहुधा आईच्या माहेरच्या आडनावाचं असतं, म्हणजे आई फिशरांची असेल तर सगळ्या भावंडांना 'एफ'. (आपल्याकडे मधे वडील येतात, तिथे आईचं माहेर!) तेही पुरत नाही, म्हणून टोपणनावं. 'जेकचा सॅम' अशी वडिलांवरून, किंवा धंद्यावरून, अंगकाठीवरून.

हीच नावं कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडेही होती, पण तिथे ती मराठी झाली. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग उभारणारे सॅम्युअल दिवेकर 'सामाजी हसाजी दिवेकर' म्हणूनच ओळखले जात.