बँड मोडल्यानंतर

२०१६ साली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पंक संगीतावर एक प्रदर्शन भरले होते. साठी ओलांडलेली व्हिव अल्बर्टाईन तिथे गेली. माहितीफलकावर सेक्स पिस्टल्स, क्लॅश, बझकॉक्स ही पुरुषांच्या बँडची नावे होती. तिने मार्कर काढून ती खोडली आणि तिथे स्लिट्स, एक्स-रे स्पेक्स, सूझी अँड द बॅनशीज अशी नावे लिहिली. स्लिट्समध्ये गिटार वाजवायची ती स्वतःच.

माझ्याकडे ना संगीताची पदवी आहे, ना इतिहासाची. नोकरी सांभाळून संध्याकाळी ऐकत, वाचत, वहीत नोंदी करत आले. त्या वहीत 'पुढे काय केले?' असा एक रकाना मी पहिल्यापासून आखला आहे. पंकचे बहुतेक इतिहास १९७६ ते १९७८ या तीन वर्षांत, गाजलेली गाणी आणि अकाली मृत्यू यांतच संपतात. त्यामुळे हा रकाना रिकामा राहतो. इथे तो दोन बँडपुरता भरते आहे.

स्लिट्स १९७६ मध्ये लंडनला सुरू झाला. गायिका आरी अप तेव्हा चौदा वर्षांची होती. ड्रम वाजवणारी पालमोलिव्ह स्पेनहून आलेली. रीतसर संगीतशिक्षण त्यांच्यापाशी नव्हते, तरी १९७७ मध्ये त्या क्लॅशच्या दौऱ्यात वाजवत होत्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'साइडबर्न्स' नावाच्या एका अनियतकालिकाने गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापून वाचकांना सांगितले, की आता बँड काढा. अनेक ठिकाणी हे चित्र 'स्निफिन ग्लू' या अधिक प्रसिद्ध अनियतकालिकाच्या नावावर दिलेले आढळते. अप्रसिद्धाचे काम प्रसिद्धाच्या खात्यावर जमा होते, ते असे.

स्लिट्सना मंचावर पाहून हॉर्न्सीच्या कलाशाळेतल्या जीना बर्चला वाटले, हे आपल्यालाही जमेल. मदेराहून आलेल्या आना दा सिल्वाबरोबर तिने १९७७ मध्ये रेनकोट्स हा बँड काढला. पालमोलिव्ह पहिल्या अल्बमच्या आधीच स्लिट्समधून बाहेर पडली आणि रेनकोट्सला मिळाली. १९७९ मध्ये दोन्ही बँडचे पहिले अल्बम आले. १९८२ च्या सुमारास स्लिट्स मोडला, १९८४ मध्ये रेनकोट्सही थांबला.

आता रकान्याकडे वळू. पालमोलिव्ह रेनकोट्समधूनही लवकरच निघाली. काही काळ ती भारतात फिरली, पुढे ख्रिस्ती श्रद्धेकडे वळली आणि अमेरिकेत शाळेत स्पॅनिश शिकवू लागली. अल्बर्टाईनने एरोबिक्सचे वर्ग घेतले, चित्रपटाचे शिक्षण घेऊन दूरचित्रवाणीसाठी दिग्दर्शन केले. संसार आणि कर्करोग यांतून गेल्यावर गिटार पुन्हा हाती घेतली, आणि २०१४ मध्ये आत्मचरित्र लिहिले. आना लंडनमध्ये नातेवाइकांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करत होती.

त्याच दुकानात १९९२ मध्ये निर्वाणाचा कर्ट कोबेन आला. रेनकोट्सचा पहिला अल्बम त्याला हवा होता आणि तो बाजारात मिळत नव्हता. या भेटीविषयी त्याने 'इन्सेस्टिसाइड' या अल्बमसोबतच्या मजकुरात लिहिले. पुढच्या वर्षी रेनकोट्सचे अल्बम पुन्हा निघाले, बँड परत उभा राहिला. १९९४ च्या एप्रिलमध्ये तो निर्वाणाबरोबर ब्रिटनचा दौरा करणार होता. त्याच महिन्यात कोबेन गेला.

ही हकीकत सहसा त्याच्या दिलदारपणाची म्हणून सांगितली जाते, आणि तो दिलदार होताच. मला मात्र तिच्यात एक टोचणी दिसते. एका प्रसिद्ध पुरुषाने शोध घेतला म्हणून एक अल्बम वाचला. ज्यांच्या दुकानापर्यंत असा कोणी पोहोचलाच नाही, त्यांचे काय?

या बायकांच्या नंतरच्या आयुष्यांना 'बंडखोरी संपली, पोटापाण्याला लागल्या' असे म्हणणे सोपे आहे. पोटाचा प्रश्न होताच. या संगीतावर घर चालत नव्हते. उलट, 'पंकनेच त्यांना सारे काही शिकवले' असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. मी एवढेच म्हणेन, की तयारी पुरी होण्याची किंवा कोणाच्या परवानगीची वाट न पाहता कामाला हात घालायचा, ही रीत बँडनंतरही दिसते. पन्नाशीनंतर गिटार पुन्हा हाती धरून मंचावर जाणे यासाठी तीच रीत लागते. ती पंकने दिली की पंक त्या रीतीतून निघाले, हे मी ठरवू शकत नाही.

जीना बर्चने १९७७ मध्ये सुपर एट कॅमेऱ्यावर एक फिल्म केली होती. रीळ संपेपर्यंत, साधारण तीन मिनिटे, ती कॅमेऱ्यासमोर किंचाळते, बस्स. पुढे तिने व्हिडिओ दिग्दर्शित केले, चित्रे रंगवली आणि २०२३ मध्ये, साठी उलटल्यावर, पहिला स्वतंत्र अल्बम काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेट ब्रिटनमध्ये १९७० ते १९९० मधल्या ब्रिटनमधील स्त्रियांच्या कलेचे प्रदर्शन भरले. त्याच्या पोस्टरवर त्या फिल्ममधला तिचा किंचाळता चेहरा होता.

मध्ये सेहेचाळीस वर्षे गेली. पोस्टरवर तो चेहरा तेवढा आला. मधली वर्षे लिहायचे काम राहिलेच आहे. पालमोलिव्हचा स्पॅनिशचा वर्ग पंकच्या इतिहासात धरायचा का, असे मला एकाने विचारले होते. माझ्या वहीत तो धरलेला आहे.