पट्टमहिषी शांतलादेवी आणि त्यांचे दानशासन

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दानशूर पूर्वजांचे पुण्यस्मरण करणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे. दक्षिणेतील जैन इतिहासात राजे व सेनापती यांच्या बरोबरीने ज्या श्राविकांनी धर्म राखला, त्यांत होयसळ नरेश विष्णुवर्धन यांच्या पट्टमहिषी शांतलादेवी यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचे नाव बहुधा सौंदर्य आणि नृत्यकौशल्य यांसाठी घेतले जाते. श्रवणबेळगोळच्या शिलालेखांतून दिसणाऱ्या शांतलादेवी मात्र याहून पुष्कळ मोठ्या आहेत.

त्यांचे पिता पेर्गडे मारसिंगय्या हे शिवभक्त, तर माता माचिकब्बे या निष्ठावंत जैन श्राविका होत्या. दोन श्रद्धा एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात, हा अनुभव शांतलादेवींना बालपणीच मिळाला असावा. मूलसंघ, देशीगणाचे प्रभाचंद्र सिद्धांतदेव हे त्यांचे गुरू. शिलालेखांनी त्यांना ‘सम्यक्त्वचूडामणी’ म्हटले असून विवेकात बृहस्पतीची उपमा दिली आहे. गीत, वाद्य व नृत्य यांतील त्यांच्या प्रावीण्याचाही तेथे गौरव आहे. अंतःपुरापुरतेच जिचे जीवन मर्यादित आहे, अशा राणीचे हे वर्णन नव्हे.

विष्णुवर्धन यांचे पूर्वीचे नाव बिट्टिदेव. श्री रामानुजाचार्यांच्या प्रभावाने त्यांनी वैष्णव मत स्वीकारले, अशी परंपरा आहे. 1116 च्या सुमारास त्यांनी चोळांकडून तलकाड जिंकले आणि 1117 मध्ये बेलूर येथे चेन्नकेशवाचे भव्य मंदिर उभारले. त्याच आवारातील चेन्निगरायाचे मंदिर स्वतः शांतलादेवींनी बांधविले. पतीच्या आराध्याचा असा सन्मान करूनही त्या स्वतः अखेरपर्यंत जिनधर्मातच राहिल्या. आपल्या श्रद्धेची खात्री असलेल्या व्यक्तीला दुसऱ्याच्या देवालयात हात जोडताना भय वाटत नाही, हेच यातून दिसते.

विष्णुवर्धनांनी पुढे जैनांचा छळ केला, अशी एक दंतकथा आजही सांगितली जाते. शिलालेखांची साक्ष निराळी आहे. त्यांचे प्रमुख सेनापती गंगराज हे जैनच होते. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या मूर्तीभोवतीचे आवार, म्हणजेच सुत्तालय, गंगराजांनी बांधविले. मूर्तीच्या चरणांशी कोरलेल्या, आपणां मराठी भाषकांना सुपरिचित असलेल्या लेखात चामुंडरायांच्या पाठोपाठ याच गंगराजांचे नाव येते. त्यांचे पुत्र बोप्प यांनी 1133 मध्ये हळेबीड येथे पित्याच्या स्मरणार्थ पार्श्वनाथ बसदी उभारली. तिच्या प्रतिष्ठेचे गंधोदक राजापुढे आले, त्याच सुमारास युद्धात जय मिळाला होता आणि पुत्रजन्मही झाला होता. राजाने आनंदाने प्रभूंना ‘विजय पार्श्व’ आणि पुत्राला ‘विजय नरसिंह’ असे नाव दिले. पट्टमहिषी, सेनापती आणि अनेक अधिकारी जैन असलेल्या त्या दरबारात धर्मभेद वैराला कारण झाला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शांतलादेवींचे सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरील सवतिगंधवारण बसदी. शांतिनाथ प्रभूंचे हे जिनालय 1123 मध्ये उभे राहिले. त्याचे नाव राणीच्या एका बिरुदावरून आले आहे. कन्नड ‘सवति’ म्हणजे आपली सवत, आणि ‘गंधवारण’ म्हणजे मदोन्मत्त हत्ती. उद्धट सवतींना जरब बसविणारी, असा त्याचा भाव. राजवाड्यातील मानापमानाचे ते बिरुद आज केवळ एका शांत जिनालयाचे नाव म्हणून उरले आहे.

मंदिर बांधून त्या थांबल्या नाहीत. प्रभूंची पूजा अखंड चालावी आणि मुनिसंघाच्या आहाराची सोय व्हावी, यासाठी राजाच्या अनुमतीने त्यांनी मोट्टेनविले हे गाव बसदीला दिले, दान गुरूंच्या स्वाधीन केले आणि त्याचे शासन शिळेवर कोरविले. देणगी कोणाची, कशासाठी आणि सांभाळणार कोण, हे सर्व त्यात स्पष्ट आहे. ज्यांनी संस्थेचे जमाखर्च लिहिले आहेत, त्यांना या दूरदृष्टीचे मोल सांगावयास नको. कळस चढविण्यास दाते उत्साहाने पुढे येतात. रोजच्या दिवाबत्तीची तरतूद करणारे थोडे असतात.

1131 मध्ये शिवगंगा येथे शांतलादेवींनी देह ठेवला. कन्येच्या वियोगानंतर माता माचिकब्बे श्रवणबेळगोळला आल्या आणि गुरूंच्या सान्निध्यात एक महिन्याच्या अनशनाने त्यांनी समाधिमरण साधले. जिने कन्येला धर्म दिला, तिनेच कन्येच्या मागे त्या धर्माची अंतिम कसोटीही दिली.

2023 मध्ये बेलूर, हळेबीड व सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या शिल्पवैभवाचे दर्शन घेऊन पुढे श्रवणबेळगोळला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनी विंध्यगिरीवरून उतरल्यावर चंद्रगिरीही अवश्य चढावी आणि शांतिनाथ प्रभूंसमोर क्षणभर बसावे. होयसळांचे राज्य लयास गेले, राजधानी उजाड झाली. शांतलादेवींचे जिनालय आणि त्यांचा दानलेख मात्र 900 वर्षांनंतरही उभे आहेत. न्यासाचे कार्य करणाऱ्या आपणां सर्वांना त्यांच्याकडून घेण्याजोगा बोध हाच की, दान मनापासून द्यावे आणि त्याची व्यवस्था पुढील पिढ्यांना पुरेल अशी लावावी.