पडद्यावरचा विळा, हातोडा आणि शेर

मेहबूब खान यांच्या चित्रपटाचा आरंभ ज्यांनी थिएटरात पाहिला आहे, त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही. अंधार होतो, पडद्यावर विळा-हातोडा उमटतो आणि त्याच वेळी भरदार आवाजात एक उर्दू शेर ऐकू येतो. शेराचा आशय असा, की वैरी कितीही वाईट चिंतो, शेवटी खुदाची मर्जी चालते. डोळ्यांना दिसते कामगार-शेतकऱ्यांच्या क्रांतीची निशाणी आणि कानांवर पडते तकदीर आणि तवक्कलची भाषा. मार्क्सवादी पंडिताला आणि मशिदीतल्या मौलवीला एकाच वेळी बुचकळ्यात टाकणारे असे दुसरे बोधचिन्ह हिंदी चित्रपटसृष्टीत झाले नाही.

बोधचिन्ह ही गोष्ट मुळात कलेची नव्हे, धंद्याची गरज होती. सिनेमा नवा होता तेव्हा चित्रफितीची नक्कल करून ती आपलीच म्हणून विकण्याचा उद्योग जोरात चाले. फ्रान्सच्या पाथे कंपनीने त्यावर तोड काढली. आपल्या कोंबड्याची निशाणी तिने दृश्याच्या नेपथ्यातच मांडायला सुरुवात केली. नायक-नायिका रडत आहेत आणि मागच्या भिंतीवर कोंबडा! सुरुवातीची पाटी कापता येते, भिंत कशी कापणार? पुढे अमेरिकेत १९२४ साली मेट्रो-गोल्डविन-मेयरचा सिंह आला. मूकपटाच्या काळात तो नुसता इकडे-तिकडे पाहत असे, १९२८ साली त्याला डरकाळी मिळाली. त्याच्याभोवतीच्या लॅटिन अक्षरांचा अर्थ आहे ‘कलेसाठी कला’. आपल्याकडे याच विषयावर फडके आणि खांडेकर यांच्यात वाद रंगला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गंमत एवढीच, की हे ब्रीद मिरवणारी कंपनी पक्की व्यापारी होती.

महाराष्ट्रात या मुद्रेला खरे रूप दिले ते ‘प्रभात’ने. १९२९ साली कोल्हापुरात कंपनी उभी राहिली, १९३३ साली पुण्याला गेली. मागे झुकून तुतारी फुंकणारी स्त्री ही तिची निशाणी. कंपनी निघाली तेव्हा सिनेमा मुका होता. ‘अयोध्येचा राजा’ बोलला तो १९३२ साली. म्हणजे पहाटेची वर्दी देणारे वाद्य मनात धरून निघालेल्या या कंपनीला आपली तुतारी प्रेक्षकाच्या कानी घालायला काही वर्षे थांबावे लागले. पण मला इथे दुसरी गोष्ट नोंदवायची आहे. या तुतारीमागे उभ्या असलेल्या भागीदारांत दामले, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर शेख फत्तेलाल होते. कोल्हापूरकरांचे साहेबमामा. बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेला हा चित्रकार ‘प्रभात’चे कलादिग्दर्शन सांभाळत होता आणि दामल्यांच्या जोडीने त्याने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ज्या चित्रपटाचा गौरव झाला, तो हाच. देहूचे घर, इंद्रायणीचा काठ, विठोबाचे देऊळ हे सारे पडद्यावर उभे करण्यात एका मुसलमान कारागिराचा हात होता आणि त्या काळी कुणाला त्यात नवल वाटले नाही. आज आपण ते मुद्दाम सांगतो, ही आजच्या काळाची गोष्ट झाली.

मेहबूब खान यांची वाट निराळी. दक्षिण गुजरातेत बिलीमोऱ्याच्या परिसरातून आलेला हा तरुण शाळा फारशी शिकलेला नव्हता. १९२७ सालच्या ‘अलिबाबा और चालीस चोर’मध्ये तो चाळीस चोरांपैकी एक होता, म्हणजे गर्दीतला चेहरा. तिथून ‘सागर’ कंपनीत १९३५ साली ‘अल हिलाल’चे दिग्दर्शन, मग १९४० साली ‘औरत’, १९४२ साली ‘रोटी’. पैशाच्या राक्षसी भुकेवर ‘रोटी’त जे कोरडे ओढले आहेत, ते पाहिले की पुढचा विळा-हातोडा आकाशातून पडला नाही हे कळते. १९४३च्या सुमारास त्यांनी स्वतःची ‘मेहबूब प्रॉडक्शन्स’ काढली.

तो काळ डोळ्यांसमोर आणावा. १९४२ साली कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली होती. १९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ स्थापन झाली. प्रगतिशील लेखक चळवळीतले उर्दू शायर चित्रपटांसाठी लिहू लागले होते. गिरणगावात लाल बावट्याखाली शाहिरी गर्जत होती आणि त्या शाहिरीतला सर्वांत बुलंद आवाज होता बार्शीच्या अमर शेख यांचा. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. एकाच शहरात, एकाच दशकात, एकाच निशाणीखाली दोन मेहबूब! एक गिरणीच्या दारात डफावर थाप मारणारा, दुसरा स्टुडिओचा मालक. शाहीर मेहबूबने आपला लाल बावटा मोर्चात नेला आणि त्यासाठी तुरुंगही पाहिला. मालक मेहबूबने तो पडद्यावर नेला. दोघांची तुलना करून एकाला खोटे ठरवण्याचा मोह टाळलेला बरा.

मेहबूब खान कम्युनिस्ट नव्हते. ते नमाजी होते, पक्षाचे सभासद नव्हते आणि त्यांच्या चित्रपटांची नावे पाहिली तर ‘हुमायूँ’पासून ‘अंदाज’पर्यंत बादशहा आणि बंगलेवाले श्रीमंतच अधिक भेटतात. मग ही निशाणी कशाला? काहींच्या मते ती त्या दिवसांतली फॅशन होती. मला हे उत्तर अपुरे वाटते. फॅशन असती तर दशकभरात उतरली असती. शिवाय फॅशन करणाऱ्याने तिच्याबरोबर तो शेर घातला नसता. गरिबीतून वर आलेल्या माणसाच्या मनात मेहनतीचा अभिमान आणि नशिबावरची श्रद्धा बहुधा एकत्रच नांदतात. आमच्या मोहल्ल्यांतल्या विणकराला, गवंड्याला विचारा. तो युनियनची वर्गणी भरतो आणि जुम्याला पहिल्या सफेतही बसतो. मेहबूबमियांनी पडद्यावर मांडले ते हेच.

शेजारच्या कंपन्यांच्या मुद्रा याच्यापुढे सौम्य वाटतात. शांतारामबापूंनी १९४२ साली ‘प्रभात’ सोडून परळला ‘राजकमल’ काढली. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांतून हे नाव जुळले. राज कपूर यांनी १९४९ सालच्या ‘बरसात’मधली छबीच कंपनीची मुद्रा केली : एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर झुकलेली नायिका. त्याआधी पृथ्वीराज कपूर शिवपूजा करताना दिसत. कालांतराने त्या दोन आकृत्यांचे बारकावे गळत गेले आणि उरल्या नुसत्या वळणदार रेषा. चेहरे गेले तरी लोक ओळखत राहिले, यातच त्या मुद्रेचे यश आहे. गंमत अशी, की डाव्या विचारांच्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेला ‘आवारा’ याच व्हायोलिनच्या निशाणीने १९५४ साली रशियात गेला आणि तिथल्या लोकांनी डोक्यावर घेतला. इकडे विळा-हातोडावाल्यांचा रंगीत ‘आन’ १९५२ साली लंडनला गेला होता. खुद्द रशियाच्या ‘मॉसफिल्म’ने कामगार पुरुष आणि शेतकरी स्त्री यांचा तो प्रसिद्ध पुतळा आपली मुद्रा म्हणून घेतला १९४७ साली. त्या दोघांच्या उंचावलेल्या हातांतही विळा आणि हातोडाच आहे. पण तिथे ती सरकारची निशाणी होती. इथे ती वांद्र्याला खाजगी स्टुडिओ बांधणाऱ्या एका मालकाची होती.

खरी कसोटी आली ‘मदर इंडिया’च्या वेळी. ‘औरत’चीच कथा मेहबूब खान यांनी पुन्हा, मोठ्या पडद्यासाठी, रंगात सांगितली. २५ ऑक्टोबर १९५७ रोजी चित्रपट लागला आणि भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाचा तो काळ. हॉलिवूडच्या लेखकांवर काळी यादी लागू होती. अकादमीकडे पाठवलेली प्रत इंग्रजी उपशीर्षकांची आणि बरीच कापलेली होती. तिच्यातून कंपनीची मुद्राही काढून टाकली होती. परीक्षकांची मने दुखावू नयेत, हे कारण. चित्रपटाला नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ला गेले.

मेहबूब खान यांनी हे मान्य कसे केले, असा राग तरुण वाचकाला येऊ शकतो. पण निर्मात्याच्या जागी बसून पाहावे. कर्ज काढून, वर्षे घालून बनवलेला चित्रपट एका चिन्हापायी दारातच अडणार असेल, तर ते चिन्ह किती ताणायचे? नाव बदलून घर भाड्याने घेणाऱ्याला, अर्जावर आडनाव लिहिताना क्षणभर थबकणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आणि काढणाऱ्यांनी काढले ते तरी किती? काही सेकंदांची फीत. कापणीच्या गाण्यात शेतकऱ्यांच्या हातातले विळे तसेच राहिले, गवताच्या गंज्यांतून आणि माणसांतून उभा राहिलेला हिंदुस्थानचा नकाशाही राहिला. भारतात मात्र पडद्यावर मूळ निशाणी कायम होती.

१९६२ साली ‘सन ऑफ इंडिया’ आला आणि पडला. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले, दुसऱ्या दिवशी मेहबूब खान. ‘प्रभात’च्या जागेत तोवर, १९६० पासून, सरकारी चित्रपटशिक्षण संस्था सुरू झाली होती. आर. के. स्टुडिओला सप्टेंबर २०१७ मध्ये आग लागली आणि २०१९ साली ती जमीन बांधकाम कंपनीने विकत घेतली. नवे चित्रपट सुरू होताना आता चार-पाच कंपन्यांच्या मुद्रा एकामागून एक येतात, त्या संपेपर्यंत माणूस पॉपकॉर्न घेऊन परत येतो.

जुन्या चित्रपटांचे हाल व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात सुरू झाले. वितरकांनी सुरुवातीचा तुकडा बेधडक उडवला. जिथे कधी तुतारी वाजायची किंवा शेर ऐकू यायचा, तिथे कॅसेट कंपनीचे नाव, पत्ता आणि खाली फोन नंबर.