दुसरा वाचक

संहिता आणि वाचक यांच्या नात्याविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. एकाच वाचकाच्या सवयींवर पोसलेली संहिता दुसऱ्या वाचकासमोर गेली की काय होते, याचे एक बोलके उदाहरण मात्र साहित्याबाहेर, संगणकाच्या इतिहासात सापडते. ते येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला थेट कळत नाही. कंपायलर ती वाचतो आणि यंत्रभाषेत उतरवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहावयास घेतले तेव्हा त्यांच्या हाताशी जीसीसी हा कंपायलर होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रसिद्ध केला होता. सी भाषेचे प्रमाण व्याकरण १९८९ मध्ये ठरले. जीसीसीने त्यात स्वतःची भर घातली आणि लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, ती मनसोक्त वापरली. कर्नल प्रमाणभाषेत नव्हे, तर जीसीसीच्या बोलीत लिहिला गेला. मुख्य वाचक तोच असल्याने त्यात काही अडतही नव्हते.

पुढे इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले विक्रम अडवे, यांनी २००० मध्ये एलएलव्हीएम हा प्रकल्प आरंभिला. त्याच्या पायावर उभारलेला क्लँग हा कंपायलर २००७ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. काही मंडळींनी त्याच्याकडून कर्नल वाचून घेण्याचा खटाटोप सुरू केला आणि बांधणी जागोजाग मोडू लागली.

अशा वेळी पडद्यावर तक्रारींची रांग लागते. जाणकार शेवटची नव्हे, पहिली तक्रार वाचतो. पुढच्या बहुधा तिचीच पिलावळ असतात. तो सगळी साधने एकदम बदलत नाही. कंपायलर नवा घेतला, तर पुढची जुळणी जुन्या साधनांकडे ठेवून पाहतो. दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते त्यामुळे कळते. मग खरा प्रश्न उरतो : चूक संहितेची की वाचकाची?

कधी ती संहितेची ठरली. ज्याची लांबी प्रोग्राम चालू असतानाच ठरते असा ॲरे स्ट्रक्चरच्या पोटात ठेवण्याची मुभा जीसीसी देई. क्लँगने ती साफ नाकारली. कर्नलमधील अशा जागा हळूहळू पुन्हा लिहिल्या गेल्या. पुढे तर बदलत्या लांबीचे सगळेच ॲरे धोक्याचे मानले गेले, कारण कर्नलच्या वाट्याची स्टॅकची जागा तोकडी असते. डिसेंबर २०१८ मधील ४.२० या आवृत्तीपर्यंत ते हद्दपार झाले. दुसऱ्या वाचकाने ज्यावर बोट ठेवले, ते पहिल्याच्याही हिताचे नव्हते.

कधी मात्र वाचकच उणा ठरला. यंत्रभाषेच्या तुकड्यातून सी भाषेतील खुणेवर थेट उडी मारण्याची एक सोय जीसीसीत होती, क्लँगमध्ये नव्हती. २०१८ मध्ये इंटेल घराण्याच्या यंत्रांवरील कर्नलने ती अनिवार्य केली आणि क्लँगची तेथील वाट अडली. येथे संहिता मागे हटली नाही. क्लँगलाच शिकावे लागले. सप्टेंबर २०१९ मधील नवव्या आवृत्तीत ती सोय आली आणि त्याच महिन्यातील ५.३ हा कर्नल त्याला वाचता आला. दरम्यान, दुसऱ्या घराण्याच्या यंत्रावर चालणाऱ्या पिक्सेल २ या फोनचा कर्नल गूगलने २०१७ मध्येच क्लँगने बांधला होता.

आम्हां शिक्षकांना हा इतिहास अस्वस्थ करतो. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत न कळलेले वाक्य भेटले की आमची लाल शाई आपसूक संहितेलाच दोषी ठरवते. ते वाक्य त्याच्या घरच्या बोलीत सरळ असेल, वाचक म्हणून आम्हीच तेथे अपुरे असू, ही शक्यता आम्ही किती वेळा तपासतो? कंपायलरची उणीव नोंदली तरी जाते आणि पुढच्या आवृत्तीत भरून निघू शकते. आमची पुढची आवृत्ती कधी निघणार, हे आम्हांलाच ठरवावयाचे आहे.