चाचणीसाठी स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्या चालवताना प्रोग्रॅमला रोजच्या वापरातील मूल्यांऐवजी खास चाचणीसाठी राखलेली मूल्ये पुरवण्याची पद्धत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नाव आणि मूल्य यांची मजकुररूप जोडी. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, सुरू होतानाच ती त्याला मिळते आणि त्याने सुरू केलेल्या पुढच्या प्रोसेसकडे तिची प्रत जाते. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ही सोय रूढ झाली. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, बाहेरच्या सेवांच्या किल्ल्या अशा ठिकाणागणिक बदलणाऱ्या गोष्टी कोडमध्ये न लिहिता या व्हेरिएबलमध्ये ठेवाव्यात, हा संकेत हेरोकू कंपनीच्या अभियंत्यांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या तत्त्वसंचामुळे सर्वदूर पोहोचला.

व्यवहारात ही मूल्ये ‘डॉट-एन्व्ह’ नावाच्या साध्या फाइलमध्ये ओळीला एक अशी लिहितात आणि चाचणीसाठी वेगळी फाइल करतात. पीएचपी भाषेतील लारावेल या फ्रेमवर्कमध्ये चाचणीची फाइल असल्यास मूळ फाइलऐवजी तीच वाचली जाते. नेक्स्ट.जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये चाचणीच्या वेळी ‘लोकल’ फाइल, म्हणजे प्रत्येक विकासकाच्या संगणकावरची खासगी फाइल, मुद्दाम वगळली जाते. कारण तीच चाचणी एकाकडे यशस्वी आणि दुसऱ्याकडे अयशस्वी ठरली, तर तिच्या निकालावर विसंबता येत नाही.

या पद्धतीत कळीचा प्रश्न असतो तो कोणते मूल्य केव्हा आणि कोणावर मात करते हा. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएससाठीची डॉटएन्व्ह लायब्ररी आधीपासून असलेले मूल्य आपणहून बदलत नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये खऱ्या डेटाबेसचा पत्ता आधीच दिलेला असेल, तर चाचणीच्या फाइलमधील पत्ता निमूटपणे बाजूला पडतो. एखादे मॉड्यूल इम्पोर्ट होतानाच मूल्य वाचून ठेवत असेल, तर त्यानंतर लोड केलेल्या फाइलचा त्यावर परिणाम होत नाही, म्हणून लोड करण्याची पायरी पहिल्या इम्पोर्टच्याही आधी घ्यावी लागते. शिवाय सर्व मूल्ये मजकूरच असल्याने ‘फॉल्स’ असे लिहिलेले मूल्य जावास्क्रिप्टच्या अटीत खरे धरले जाते.

लारावेलमध्ये कॉन्फिगरेशनची कॅश, म्हणजे झटपट वाचण्यासाठी साठवलेली प्रत, करून ठेवली असेल, तर चाचणीची फाइल वाचलीच जात नाही. अशा वेळी चाचणीपूर्वी सर्व टेबले पाडून नव्याने उभारणारी सोय खऱ्या डेटाबेसवर चालण्याचा धोका असतो, म्हणून चाचणीपूर्वी ती कॅश पुसावी लागते. एकाच चाचणीपुरता बदल हवा असल्यास पायथनच्या पायटेस्ट या चाचणी-साधनातील ‘मंकीपॅच’ मूल्य तात्पुरते बदलून चाचणी संपताच पूर्ववत करते. चाचणीची फाइल सहसा कोडसोबत गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवली जात असल्याने तिच्यात खऱ्या किल्ल्या न ठेवता बनावट मूल्ये लिहितात.

केवळ व्हेरिएबलवर भिस्त ठेवणे पुरेसे नसल्याने रूबी भाषेतील रेल्स या फ्रेमवर्कने पाचव्या आवृत्तीपासून डेटाबेसमध्येच तो कोणत्या परिवेशाचा, म्हणजे विकासाचा, चाचणीचा की प्रत्यक्ष वापराचा, आहे याची नोंद ठेवायला सुरुवात केली. ती नोंद ‘प्रॉडक्शन’, म्हणजे प्रत्यक्ष वापराचा, अशी आढळल्यास डेटाबेस पुसून टाकणारा आदेश नाकारला जातो.