बॅगेतल्या ट्यूबवरचं 'नॅनो'

भारतातून परतताना बॅगेत मेतकूट, लोणचं आणि गजकर्णाच्या मलमाची एखादी ट्यूब असतेच. यंदाच्या ट्यूबवर 'नॅनो' छापलेलं होतं आणि किंमत चांगलीच चढी. मी सीए, डॉक्टर नाही. पण जादा पैसे कशाचे ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

गोष्ट टपालापासून सुरू करते. 1948 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात दोन संशोधिका होत्या, एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात आणि रेचल ब्राउन ऑल्बनीत. हेझनबाई मातीतले जंतू वाढवून काचेच्या बरण्यांतून टपालाने पाठवायच्या. ब्राउनबाई त्यातला औषधी अंश वेगळा काढून उलटटपाली धाडायच्या. शेवटी व्हर्जिनियातल्या एका परिचितांच्या शेतातल्या मातीत हवं ते सापडलं. 1950 मध्ये औषध जाहीर झालं, नाव निस्टॅटिन, म्हणजे 'न्यूयॉर्क स्टेट'. बाळाच्या डायपरच्या जागी यीस्टचं पुरळ आलं की इथले डॉक्टर आजही देतात तेच. रॉयल्टीचे 1 कोटी 30 लाख डॉलर आले, दोघींनी स्वतःला एक सेंटही घेतला नाही, सगळे संशोधनाला. (असा ताळेबंद मी तरी आजवर पाहिलेला नाही!)

पण निस्टॅटिन पाण्यात विरघळत नाही, कातडीतून आत शिरत नाही आणि गजकर्णावर त्याचा उपयोग नाही. गजकर्णावर दुसरी औषधं आहेत, तरी कातडीचा वरचा थर आडवा येतोच. त्याचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवणं. यातून वाट निघाली ती 1960 च्या दशकात, इंग्लंडमध्ये. ॲलेक बँगहॅम यांनी दाखवलं की काही स्निग्ध पदार्थ पाण्यात आपोआप पोकळ बुडबुडे बनवतात. हेच लिपोसोम. आकार नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायचा. औषध त्यांत भरलं की त्या थरात जास्त मुरतं. 1988 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये इकोनॅझोल या बुरशीनाशकाचं असं जेल बाजारात आलं. म्हणजे 'नॅनो' ही नुसती जाहिरात नाही, त्यामागे खरं काम आहे.

मग ड्रॉवरमधली मागच्या खेपेची ट्यूब काढून घटक वाचले आणि पोटात गोळा आला. बुरशीनाशकासोबत क्लोबेटासोल! हे जोरदार स्टेरॉइड. खाज, लाली दोन दिवसांत गायब होते, बुरशी मात्र आत पसरत राहते. 2018 मध्ये भारत सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना प्रिस्क्रिप्शन सक्तीचं केलं, तरी मला ती काउंटरवर सहज मिळाली होती. नेहमीच्या टर्बिनाफिनला सहसा न जुमानणारी, 2020 मध्ये 'इंडोटिनी' नाव मिळालेली गजकर्णाची बुरशी 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्येही आढळली.

ती ट्यूब कचऱ्यात गेली. लेकाच्या मांडीवरचा चट्टा गुरुवारी डॉक्टरांना दाखवतेय. तोवर नॅनोवालीही बंद, कारण चट्टा खरवडून तपासायचा तर वर औषध नको, असं नर्स फोनवर म्हणाली. तुमच्या ड्रॉवरमधल्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय, बघा बरं.