किल्ली पेटीतच राहिली

किल्ली पेटीत विसरावी, वरून खटका दाबून पेटी बंद करावी आणि मग ती उघडावी कशी या विवंचनेत बसावे, अशी फजिती बहुतेक घरांत एकदा तरी झालेली असते. संगणकापुढे मात्र हा पेच दर वेळी, वीज सुरू होताच उभा राहतो. त्याची सारी विद्या डिस्कवर, आणि डिस्क वाचावी कशी ही विद्याही डिस्कवरच! हा पेच माणसाने कसा सोडविला आणि सोडविताना तो कोठे ठेचाळला, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

६ मे १९४९ रोजी केंब्रिज येथे एडसॅक हा संगणक प्रथम चालला. त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत होती. वीज गेली की ती कोरी. म्हणून डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांचा एक संच रचला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असत तसल्या फिरत्या स्विचांवर तो तारांनी कायमचा जोडलेला होता. बटण दाबताच त्या आज्ञा स्मृतीत उतरत आणि कागदी फितीवरील पुढचा मजकूर वाचू लागत. पहिले पाऊल यंत्राला आधीच कोणीतरी शिकवून ठेवावे लागते, हे तत्त्व तेथे दिसून आले.

१९८१ साली आयबीएमच्या घरगुती संगणकात हेच पहिले पाऊल बायॉस या नावाने एका चिपमध्ये कोरलेले होते. पुढे १९९३ साली विंडोज एनटी आली. तिची रीत निराळी. आरंभी बायॉसच्या मदतीने ती आपला गाभा आणि लागणारे ड्रायव्हर स्मृतीत आणी. मग बायॉसला रजा देऊन डिस्कच्या कंट्रोलरशी आपल्याच ड्रायव्हरमार्फत बोले. नदीच्या मध्यापर्यंत वाटाड्याचा हात धरावा आणि तेथे तो सोडावा, तसा हा प्रकार. स्वतःला पोहता येत असेल तर ठीक. नाही तर निळा पडदा आणि त्यावर ७बी हा आकडा.

याचा खरा जाच झाला तो विंडोज एक्सपीच्या काळात. ती बाजारात आली २००१ साली. साटा जोडणीचे मानक २००३ चे, आणि एएचसीआयचे २००४ चे. म्हणजे एक्सपीच्या सीडीला पुढे जन्मलेल्या कंट्रोलरांची ओळख असणार कोठून? त्यावर तोड एकच ठेवली होती: आरंभी क्षणभर सूचना दिसे, तेवढ्यात एफ ६ ही कळ दाबावयाची आणि ड्रायव्हर द्यावयाचा, तोही फ्लॉपीवरूनच. इकडे नव्या यंत्रांतून फ्लॉपीची खाचच नाहीशी होत चालली होती! आम्हीही अशा रात्री जागून काढल्या आहेत. डिस्क धडधाकट असे, तरी पडद्यावर उत्तर येई की डिस्क सापडत नाही. कोणी बायॉसमध्ये जुनी आयडीई पद्धत निवडून वेळ निभावी, कोणी ड्रायव्हर मिसळून नवी सीडी तयार करी. आणि जो घाबरून डिस्क कोरी करी, त्याची केवळ अडलेली माहिती खरोखरीच नाहीशी होई.

लिनक्सने १९९६ च्या सुमारास शहाणपणाचा मार्ग काढला होता. गाभ्याबरोबरच आवश्यक ड्रायव्हरांची एक लहानशी शिदोरी बायॉसकरवी स्मृतीत उतरवावयाची, आणि ती सोडून मग मोठी डिस्क उघडावयाची. विंडोजनेही पुढे व्हिस्टामध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर सोबत दिला आणि फ्लॉपीचा हट्ट सोडला.

यंत्र आपोआप सुरू होते असे आपण म्हणतो, ते खरे नव्हे. त्याच्या पहिल्या पावलामागे कोणाची तरी दूरदृष्टी असते. आज कचेऱ्यांचे दप्तर, ग्रंथालयांच्या याद्या, घरोघरची छायाचित्रे आपण डिस्कवर ठेवीत आहोत. त्या डिस्का जपाव्यात हे सर्वांना कळते. त्या वाचणारे लहानसे ड्रायव्हरही शेजारीच, पण निराळ्या जागी, जपून ठेवावेत, एवढे आमचे मागणे आहे.